माझी वाकडी फेक, डेल्मसचे झेल

टॉलिव्हर कॉलेजात डेल्मस पेटवेसारखा रिसीव्हर पुन्हा झाला नाही, हे आमच्या सायप्रस बेंडमधलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच पोराला विचारा, की डेल्मसला बॉल कोण टाकायचं, तर ते डोकं खाजवून म्हणेल, "होतं कोणीतरी. पण त्याला टाकता येत नव्हतं." तो कोणीतरी म्हणजे मी. इनिस टर्नबो. कॉलेजात क्वार्टरबॅक होतो, म्हणजे हाताने बॉल फेकायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलमधला फेकणारा, आणि पुढे सगळी नोकरी हायस्कुलात भूमिती शिकवण्यात गेली. फळ्यावर पट्टी न लावता सरळ रेघ ओढून दाखवायचो, मुलं टाळ्या वाजवायची. हवेत मात्र मला एक रेघ सरळ ओढता आली नाही.

डेल्मसचं काम असं होतं, की मैदानाच्या एका कडेला एकट्याने उभं राहायचं, खेळ सुरू झाला की जीव खाऊन पळत सुटायचं आणि मागून आलेला बॉल पळता पळता झेलायचा. बॉल त्याच्यापर्यंत पोचवायचं काम माझं. निदान कागदावर तरी तशी वाटणी होती. प्रत्यक्षात दोन्ही कामं तोच करायचा. धिप्पाड माणसं अंगावर धावून यायच्या आत मी बॉल हातातून कसाबसा सोडून द्यायचो, आणि बाकीचं त्याच्यावर टाकून मोकळा व्हायचो.

खरं तर डेल्मस फुटबॉल खेळायला टॉलिव्हरला आलाच नव्हता. तो आला होता बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला. आमच्या कॉलेजचा बँड म्हणजे काय हे मिसिसिपीत कोणाला सांगावं लागत नाही. लोक सामन्याची तिकिटं काढायचे ती मध्यंतरात बँड बघायला. बँड वाजून झाला की निम्मं मैदान उठून घरी जायचं, आणि उरलेला खेळ आम्ही आमच्या आयांसमोर खेळायचो. बँडमध्ये ज्याला घेतलं नाही, तो फुटबॉलकडे वळायचा. मलाही तिथून काढलंच होतं, पण ती गोष्ट वेगळी.

तर बँडवाल्यांनी नाकारलेला हा काटकुळा पोरगा तोंड पाडून आमच्या मैदानावर आला. कोच ड्रेपर तंबाखू चघळत उभे होते.

"काय येतं तुला?" कोचनी विचारलं.

"ट्रॉम्बोन येतो, सर."

"मग बँडवाले काय म्हणाले?"

"ते म्हणाले, येत नाही."

"पोटापाण्याला काय करतोस?"

"सकाळी कॅटफिशच्या कारखान्यात असतो, सर. घसरगुंडीवरून जिवंत मासे येतात, ते पकडून टोपलीत टाकायचे."

"मासे हातातून निसटतात?"

"दुसऱ्यांच्या निसटतात," डेल्मस म्हणाला. बढाई म्हणून नाही, विचारलं म्हणून सांगितलं.

कोचनी त्याला थोडं लांब उभं केलं आणि मला म्हणाले, "टाक." मी छातीचा नेम धरून टाकला. बॉल निघाला बरा, मग एका बाजूला कलला, मग दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा खाली बसायला लागला आणि त्याच्या उजव्या गुडघ्याकडे गेला. डेल्मसने वाकून तो उचलल्यासारखा झेलला. कोच म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"हा मुद्दाम इथेच टाकतो का?" डेल्मसने विचारलं.

"नाही," कोच म्हणाले, "त्याला दुसरीकडे टाकताच येत नाही. तुझ्या आधीचे तीन जण याच्या बॉलपायी गुडघे धरून घरी गेले."

डेल्मसने बॉल हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "हा तर मासाच आहे की." त्या दिवसापासून कोचनी मला बोलणं सोडून दिलं. माझ्यावर औषध मिळालं असं त्यांना वाटलं असावं.

नंतरची तीन वर्षं डेल्मसला लोकांनी डोक्यावर घेतलं. तो झेप घ्यायचा, लोळायचा, एका हाताने काढायचा, दोन माणसांच्या बगलांमधून हात घालून काढायचा. समोरच्या संघांनाही हळूहळू कळलं होतं की आमचा बॉल कुठे येतो. पण पूर्ण वेगात असताना ऐनवेळी गुडघ्याखाली हात घालणं फक्त त्यालाच जमायचं. वर्तमानपत्रवाले लिहायचे, "अशक्य झेल." आता मला सांगा, मी बॉल नीट त्याच्या हातात दिला असता, तर त्यात अशक्य काय राहिलं असतं? डेल्मस पेटवेला मोठं करण्यात माझा वाटा फार आहे असं मी अजूनही म्हणतो, आणि ते खोटं आहे असं अजून कोणी सिद्ध करू शकलेलं नाही.

माझं नावही छापून यायचं. "टर्नबोच्या आणखी एका चुकलेल्या फेकीवर..." अशी सुरुवात असायची. माझी आई ती वाचून एकदा जवळ बसली आणि हळूच म्हणाली, "इनिस, राजा, तू मुद्दाम तसं टाकतोस ना? त्या पोराचं नाव व्हावं म्हणून?"

"हो, आई," मी म्हणालो. ती बिचारी मरेपर्यंत चर्चमध्ये सगळ्यांना सांगत होती की आमच्या इनिसचं मन फार मोठं आहे.

सामना संपला की पोरी डेल्मसभोवती गोळा व्हायच्या. माझ्याकडे एकदाच एक आली. ओझेला तिचं नाव. तिने काळजीने विचारलं, "तुझा खांदा दुखतो का?" मी म्हणालो, नाही. "मग असं का टाकतोस?" तिच्याशी मी लग्न केलं, आणि हा प्रश्न तिने अजून सोडलेला नाही.

डेल्मसचा सगळ्यात गाजलेला झेल पर्ल व्हॅलीविरुद्धचा. शेवटची काही सेकंदं राहिली होती आणि आम्ही हरत होतो. त्यांची दोन माणसं माझ्यावर एकदम पडली, आणि पडता पडता माझ्या हातातून बॉल सुटला तो सरळ आभाळात. मी तोंडावर पडलेलो, नाकात गवत. ऐकू आला तो आधी एक मोठा "भों", आणि मग मैदानभर गर्जना. झालं असं होतं की डेल्मस टोकाला बसलेल्या आमच्या बँडच्या अंगावर उडाला, रेषेच्या आत दोन्ही पाय टेकवून बॉल काढला आणि बॉलसकट एका ट्यूबावाल्याच्या, म्हणजे भलंमोठं पितळी भोंगं वाजवणाऱ्याच्या, मांडीवर जाऊन पडला, आणि आम्ही जिंकलो. बँडमध्ये त्याला प्रवेश मिळाला तो असा. क्लिओफसच्या सलूनमध्ये अजून तो फोटो टांगलेला आहे. डेल्मस हवेत आहे, हात वर आहेत, चेहऱ्यावर उजेड आहे. फोटोच्या कोपऱ्यात एक बूट दिसतो. तो बूट माझा.

"तुला कसं कळलं तो वर जाणार म्हणून?" मी नंतर विचारलं.

"अंगावर एक जण आला की तू खाली टाकतोस," तो म्हणाला, "दोघे आले की वर टाकतोस. त्यात काय कळायचंय?"

त्या झेलामुळे उत्तरेतल्या एका व्यावसायिक संघाकडून बोलावणं आलं. अख्खा गाव बसस्टँडवर त्याला पोचवायला गेला होता, बँडसुद्धा. महिना व्हायच्या आत डेल्मस परत आला. गावाने ठरवून टाकलं की उत्तरेतल्या लोकांना माणसाची पारख नाही. मला मात्र त्याने खरं कारण सांगितलं. "इनिस, ते लोक सरळ टाकतात रे," तो म्हणाला. "मी आपला सवयीने खाली वाकतो, आणि बॉल डोक्यावरून जातो." मी खो खो हसलो. वाटलं, माझी समजूत काढायला गंमत करतोय.

मग तो शाळेची बस चालवायला लागला, त्याचं लग्न झालं, वर्निटा झाली. बायको लवकर गेली, त्याने एकट्याने पोरीला वाढवलं, शिकवलं, ती अटलांटात नर्स झाली. पण गावासाठी तो कायम हवेत उडालेला डेल्मसच राहिला. आमच्याकडे त्याला कोणी कधी वस्तू हातात दिली नाही. "डेल्मस, घे!" म्हणायचं आणि फेकायची. दुकानात मिस लुव्हिनिया गल्ल्यामागून रताळी फेकायची, पोस्टात पार्सल यायचं ते उडत, मेकॅनिक बसच्या किल्ल्या छपरावरून टाकायचा. चर्चच्या जेवणात तर त्याच्या ताटात पावासारखी मऊ बिस्किटं वाढायची पद्धतच नव्हती. टेबलाच्या त्या टोकावरून लोणी लावलेलं गरम बिस्किट यायचं, आणि तो बोलणं न थांबवता ते हवेतून काढून तोंडात घालायचा. त्याच्या हातून काही पडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

म्हणून गेल्या वसंतात चर्चच्या जेवणात एक बिस्किट येऊन त्याच्या छातीवर आपटलं, तेव्हा टेबल गप्प झालं. डेल्मस लगेच हसला. "अरे बाबांनो, डॉक्टरांनी बंद केलंय मला लोणी," तो म्हणाला. सगळे हसले आणि जेवायला लागले. मी हसलो नाही. बिस्किट येत असताना तो त्याच्याकडे बघत होता आणि तरीही त्याला ते दिसलं नव्हतं.

बाहेर गाडीपाशी मी त्याला गाठलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डेल्मस, माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुला येत नाही."

तो माझ्या गाडीला टेकून उभा राहिला. "बस सोडली तेव्हापासून. कमरेचं निमित्त सांगितलं सगळ्यांना. आता तुझा चेहरा म्हणजे नुसता डाग दिसतोय. तसा तो बराच सुधारला म्हणायचा."

"वर्निटाला सांगितलंस?"

"तेवढं नको," तो एकदम म्हणाला. "तिने खोली तयार ठेवली आहे. पडदेसुद्धा शिवलेत. तिला कळलं की ती त्याच दिवशी मला गाडीत घालून नेईल. पोरगी वाईट नाही रे, फार चांगली आहे. पण तिकडे मी बाराव्या मजल्यावर बसून करू काय? इथे माझ्या घरात मला भिंत न् भिंत पाठ आहे. दुकानापर्यंतचा रस्ता पायांना ठाऊक आहे. तिकडे मला लिफ्टसुद्धा सापडायची नाही." मग म्हणाला, "मला माझ्या घरात राहायचंय, इनिस."

मी त्याला शब्द दिला. डॉक्टरकडे मी न्यायचं, बाजार ओझेलाने करायचा आणि तोंड कोणी उघडायचं नाही. उन्हाळाभर ते नीट चाललं. आणि ऑगस्टात कॉलेजने जाहीर केलं, की यंदाच्या होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या सामन्याला, डेल्मस पेटवेचं नाव मैदानाच्या भिंतीवर लागणार.

नाव लागण्याची आमची रीत जगावेगळी आहे. फार पूर्वी एका सत्कारमूर्तीने मध्यंतरात इतकं लांबलचक भाषण केलं, की बँडला वाजवायला वेळच उरला नाही. गावाने जवळजवळ दंगल केली. तेव्हापासून भाषण बंद. ज्याचा सत्कार, त्याने मैदानात यायचं, जे करून नाव कमावलं ते एकदा करून दाखवायचं आणि बँडला जागा करून द्यायची. मागच्या वर्षी एक म्हातारा किक मारणारा आला होता. बॉल जागेवर राहिला आणि बूट दोन खांबांच्या मधून बरोबर पार गेला. लोकांनी तोच गोल धरला. रिसीव्हरने झेल घ्यायचा असतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या क्वार्टरबॅकच्या हातचा. म्हणजे माझ्या.

"नाही म्हण," मी त्याला म्हणालो.

"नाही म्हटलं की वर्निटाला संशय येईल. तिने रजा काढली आहे, नवी हॅट घेतली आहे."

"आणि तिच्यासमोर बॉल तुझ्या हातून पडला तर?"

"तर मग पडदे," डेल्मस म्हणाला. मग म्हणाला, "पण पडणार नाही. तू फक्त नेहमीसारखा टाक."

"नेहमीसारखा म्हणजे?"

"म्हणजे वाईट. हातातून सुटतो, कलतो, मग खाली बसतो, माझ्या उजव्या गुडघ्याशी. त्यात आजवर कधी फरक पडला नाही. त्याला डोळे कशाला लागतात?"

खरं सांगतो, मला ते लागलं. आयुष्यभर गावाने माझी टर उडवली ती मी हसत घेतली, कारण डेल्मस त्यात कधी नसायचा. आणि आता, निदान एकदा तरी त्याला नीट बॉल देऊ म्हणून माझा जीव तुटत होता, तर हा म्हणतो वाईट टाक! मी मनाशी ठरवलं, की आंधळ्या मित्राला गुडघ्याशी बॉल टाकणारा माणूस मी नव्हे. बरोबर छातीत टाकायचा, हलका, सरळ. त्याने नुसते हात मिटले की झालं. सत्तरीत माणसाला शहाणपण येतं म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

परसातल्या पेकानच्या झाडाला मी टायर टांगला आणि रोज सकाळी टाकायला लागलो. पहिल्या आठवड्यात ओझेलाची दोन चादरी, एक कुंडी आणि स्वयंपाकघराची काच गेली. भूमितीच्या मास्तराने मग डोकं चालवलं. कोपर किती वर, पाऊल कुठे, मनगट कधी सोडायचं, सगळं आखून काढलं. आणि सप्टेंबर संपता संपता एका सकाळी बॉल माझ्या हातातून सुटला तो भोवऱ्यासारखा फिरत गेला आणि टायरच्या मधोमध पार झाला. कोणी पाहिलं का म्हणून मी वळून बघितलं. मिस लुव्हिनियाची बकरी होती, पण तिचं तोंड दुसरीकडे होतं.

ओझेला मात्र दारात उभी होती. "त्याने सांगितलंय तसं टाक ना," ती म्हणाली.

"तो थट्टेत बोलला."

"डेल्मस तुझ्या फेकीची थट्टा करत नाही. थट्टा आम्ही करतो."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी टायरकडे बघत होतो.

होमकमिंगच्या दिवशी सकाळपासून मैदानाबाहेर डुकराच्या बरगड्या भाजल्याचा धूर पसरला होता. वर्निटा पुढच्याच रांगेत बसली होती, डोक्यावर केळीच्या पानाएवढी जांभळी हॅट. मध्यंतर झालं. डेल्मसने शर्टावरून जुनी जर्सी चढवली होती, ती पोटावर रडकुंडीला आली होती. माझ्या खांद्यावर हात टाकून तो मैदानात चालत आला. लोकांना ते प्रेम वाटलं, आणि ते होतंच. पण त्या हाताचा भार मलाच कळत होता. त्याला मी चुन्याच्या रेषेवर उभं केलं, खांदे धरून तोंड माझ्या बाजूला केलं. त्याच्यामागे बँड वाद्यं खांद्याला लावून सज्ज होता, आणि बँडमास्तर हातातल्या घड्याळाकडे बघत होता.

"नेहमीसारखा," डेल्मस पुटपुटला.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो.

चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत असतं तेवढं अंतर मी मागे आलो. एका ढोलकऱ्याने काड्या घुमवायला सुरुवात केली. वर्निटा उठून उभी राहिली. मी कोपर वर घेतलं, पाऊल टाकलं, मनगट सोडलं.

काय सांगू तुम्हाला! असा बॉल मी जन्मात टाकला नव्हता. हातातून सुटला तेव्हाच बोटांना कळलं. ना कलला, ना बसला, ना हलला. फिरत फिरत तो बरोबर डेल्मसच्या छातीकडे निघाला, आणि आनंदाने माझ्या तोंडून हाक निघणार, तेवढ्यात डेल्मसने झेप घेतली. उजवीकडे, खाली, गुडघ्याशी. दोन्ही हात त्याने तिथे मिटले, जिथे माझा बॉल इतकी वर्षं न चुकता आला होता. माझा सरळ बॉल त्याच्या रिकाम्या जागेतून पुढे गेला आणि बँडच्या मोठ्या ढोलावर धम्म आदळला.

सगळं मैदान चिडीचूप झालं. डेल्मस गवतावर कुशीवर पडलेला, हात अजून मिटलेले. पहिल्या रांगेत ती जांभळी हॅट स्थिर होती. अटलांटा, बारावा मजला, पडदे, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. हे मी केलं होतं. त्याने दोनदा सांगितलं होतं, आणि मी शहाणपणा केला होता.

तेवढ्यात वरच्या रांगेतून क्लिओफस न्हाव्याचा आवाज आला. "इनिस टर्नबो! अरे मेल्या, तुला अजून फेकता येत नाही?"

आणि बांध फुटला. "म्हाताऱ्याला लोळवलंस की रे!" "त्याच्या अंगावर तरी टाकायचास!" "बिचाऱ्याने या वयात झेप घेतली, आणि हा टाकतोय ढोलावर!" "मास्तर, घरी जा!" मिस लुव्हिनिया तर उभी राहून छत्री नाचवत होती. बॉल कुठून गेला हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण माझ्याबद्दल त्यांचं मत इतकं पक्कं होतं की डोळ्यांचं काही चाललं नाही. डेल्मस झेपावला आणि बॉल तिथे नव्हता, म्हणजे बॉल चुकला. डेल्मस चुकेल कसा?

माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यातला एकुलता एक सरळ बॉल टाकून मी दोन्ही हात वर केले, चारी दिशांना वाकलो आणि ओरडलो, "चुकलं! माझं चुकलं!" लोकांनी मनसोक्त हुर्यो उडवली. कोणीतरी ओरडलं, "पुन्हा टाका!" पण बँडमास्तरने घड्याळ खिशात टाकलं होतं. आमचा बँड कोणासाठी थांबत नाही. पहिला ट्रम्पेट वाजला तेव्हा मी डेल्मसला उठवून बाजूला घेत होतो, आणि लोक आम्हाला विसरून नाचायला लागले होते.

संध्याकाळी बाहेर बरगड्यांच्या टेबलापाशी वर्निटाने मला गाठलं. "अंकल इनिस, शोभतं का हे तुम्हाला? बाबांच्या कमरेचं काही झालं असतं म्हणजे?"

"चुकलंच, बाळा."

"एक सांगू? मला वाटत होतं, बाबांचे डोळे गेले आहेत आणि ते लपवतायत. म्हणून मुद्दाम बघायला आले होते." तिने माझ्या ताटात रताळ्याच्या गोड पाईचा तुकडा ठेवला. "पण काय झेपावले ना! बॉल भलतीकडे गेला त्याला ते काय करणार? तुम्ही जरा शिका हो टाकायला."

"आता काय शिकणार," मी म्हणालो. ती हसली, माझ्या गालाचा मुका घेतला आणि उजेड होता तोवर अटलांटाच्या रस्त्याला लागली. एकटी.

डेल्मसला मी माझ्या पिकअप ट्रकमधून घरी सोडायला निघालो. बराच वेळ तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"इनिस."

"हं."

"तो सरळ होता."

"कोण म्हणतं?"

"तुझा बॉल येताना फडफडतो. खिडकीत कबूतर अडकल्यासारखा. आज काही ऐकूच आलं नाही. नुसता वारा लागला कानाला." तो माझ्याकडे वळला. "किती सरळ होता?"

मग मी त्याला सगळं सांगितलं, कोपर, पाऊल, मनगट, कसा फिरत गेला, कसा तिळभरही हलला नाही. टायरचं सांगितलं, बकरीचंही सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. एवढ्या मोठ्या मैदानात माझा तो बॉल ओळखला तो या एकाच माणसाने. मला इतका आनंद झाला की समोरचा रस्ता मलाच दिसेना.

"आणि लोकांना?" त्याने विचारलं.

"लोकांना वाकडाच दिसला."

डेल्मस असा हसायला लागला की जर्सीची शिवण उसवली. घरापर्यंत हसत होता. मग उतरला, फाटक चाचपलं, पायऱ्या चढला आणि दारापाशी जाऊन थांबला.

"किल्ल्या राहिल्या तुझ्या सीटवर," तो म्हणाला. "टाक."

"आणून देतो."

"टाक म्हणतो ना."

मी ट्रकमधून उतरलो. कोपर नाही, पाऊल नाही, मनगट नाही. नुसत्या टाकल्या. किल्ल्या निघाल्या बऱ्या, मग कलल्या, मग खाली बसायला लागल्या, आणि त्याच्या उजव्या गुडघ्याशी आधीच येऊन थांबलेल्या हातात जाऊन पडल्या.

"हं, आता बरं," डेल्मस म्हणाला, आणि कुलूप उघडून आपल्या घरात गेला.